वीजरेखा नावाच्या पोरी

पहिली बांगडी तडकली तेव्हा जगदेवीनं डोळे मिटले. दुसरी तडकली तेव्हा तिच्या सासूनं, मल्लम्मानं, मनातला जप मोठ्यानं सुरू केला. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरताना काच वाढलेली कुणालाच आवडत नाही. या घरात तर नाहीच नाही. दाराआडून बघणाऱ्या शिवकांतेला, म्हणजे जगदेवीच्या नणंदेला वाटलं, आता हा नवा बळेगार आपली पेटी उचलून मुकाट चालता होणार.

जळकोटात बांगड्या भरणाऱ्याला बळेगार म्हणतात. आजवर या घरी हरणाबाई यायची. तिचे गुडघे धरले, म्हणून तिनं अणदूरहून पुतण्याला धाडलं होतं. रेवणसिद्ध त्याचं नाव. अंगानं किडकिडीत, आवाजानं मऊ आणि नजरेनं... नजरेचं काय ते शिवकांतेनं अजून ठरवलं नव्हतं.

तो उठला नाही. जगदेवीचा सुजलेला हात त्यानं सोडलाही नाही.

"अक्का, एक गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "काच मऊ हुत न्हाय. हात हुतो."

आणि त्यानं सांगायला घेतलं. ढगांच्या वर टांगलेलं एक गाव होतं. तिथं वीजरेखा नावाची पोरगी राहायची. तिच्यापाशी तांब्याचा पक्षी होता. किल्ली दिली की उडायचा, रॉकेल लागायचं नाही. लढाईपायी साऱ्या निजामी मुलखात रॉकेल दिसेनासं झालं होतं, त्यामुळं इथं मल्लम्माही जप थांबवून हसली. तर त्या गावात यमाचा दूत यायचा, दारात उभा राहून लेकराचं नाव घ्यायचा आणि जे लेकरू ओ देईल त्याला घेऊन जायचा. वीजरेखेनं काय केलं, पक्ष्यावर बसून घरोघर गेली आणि गावातल्या पोरीपोरीला आपलंच नाव देऊन आली. दूत आला. त्यानं हाक मारली, वीजरेखा... आणि सारं गाव एकदम म्हणालं, ओ.

"मग?"

हा 'मग' दाराआडून आला होता. रेवणसिद्धानं मान वर केली. दाराच्या फटीत एक डोळा होता, अर्धी वेणी होती आणि चोरी सापडल्यावर पळावं की थांबावं हे न सुचलेलं एक पाऊल होतं.

"मग काय... बघा की," तो म्हणाला. त्यानं दाखवलं ते जगदेवीच्या हातांकडं. दोन्ही मनगटं हिरवीगार भरली होती. पण बघत होता तो दाराकडंच.

शिवकांतेच्या नावावर गावानं काय मांडून ठेवलं होतं, ते आता सांगायला हवं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यात वाकायचं, कानात नाव सांगायचं, आणि मागं उभ्या बायकांनी पाठीत धपाटे घालायचे. शिवकांता एकुलती एक आत्या. तिनं भावाच्या पहिल्या लेकाचं नाव ठेवलं, राजशेखर. महिना व्हायच्या आत तो गेला. दुसऱ्यांदा लेक झाली, तिचं ठेवलं, चंद्रकला. तीही तशीच गेली. मग गावानं बेरीज केली. गावाला बेरीज लवकर येते. तिच्या जिभेत काही आहे, असं आधी विहिरीवर बोललं गेलं, मग बाजारात, आणि शेवटी तिच्या स्वतःच्या आईनं, मल्लम्मानं, ते घरात आणलं. शिवकांतेला बघायला येणारे पाहुणे जळकोटच्या फाट्यावरूनच मागं फिरू लागले. पण खरी गोष्ट याहून वाईट होती. शिवकांतेलाही ते पटलं होतं. वासराला, शेजारच्या पोराला, कुणालाही ती नावानं हाक मारीत नसे. सगळ्यांना 'ए'.

दसऱ्याच्या आधी रेवणसिद्ध परत आला. दसऱ्यानंतर आला. दिवाळीत आला. हिशेबाला बसलं तर जळकोटच्या साऱ्या बायका मिळून जेवढ्या बांगड्या फोडीत नव्हत्या, तेवढ्या खेपा तो घालू लागला होता. बायकांना तो वयाप्रमाणं अक्का म्हणे, अव्वा म्हणे. शिवकांतेला मात्र काहीच म्हणत नसे. हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. पण आल्यावर मात्र ती दर खेपेला त्याच्याच तोंडाकडं बघत बसू लागली.

एकदा तिनं स्वतःचा हात पुढं केला.

"मूठ सोडा," तो म्हणाला.

"सोडलीय."

"ही? हिच्यात काय धरून ठिवलंय?"

"कायबी न्हाय. गोष्ट सांगा, सुटंल."

"गोष्ट दुसऱ्यांच्या हाताला लागती," तो हळूच म्हणाला. "तुमचा हात धरला की... मलाच लागती."

तिनं हात ओढून घेतला. मग, थोड्या वेळानं, पुन्हा पुढं केला.

त्याच खेपेला त्यानं सांगितलं की नळदुर्गच्या सुताराला लेक झाली आणि तिचं नाव वीजरेखा ठेवलं. तुळजापुरात एका दुकानदारानं ठेवलं. याच मुलखातल्या, लांबच्या वाशीच्या बाजारालाही तो महिन्यातून एकदा जाई. तिथंही एक वीजरेखा पाळण्यात पडली होती, गोरीपान, मोठ्या डोळ्यांची. बायका चुडा भरताना गोष्ट ऐकतात आणि नाव पोटातल्या लेकरासाठी राखून ठेवतात, तो तरी काय करणार.

शिवकांतेचा चेहरा उतरला. विजेचं नाव... दर उन्हाळ्यात वळवाची वीज शिवारात कुणाला ना कुणाला घेऊन जायची, आणि हा माणूस ते नाव पाळण्यापाळण्यात ठेवत सुटला होता.

"लोकांच्या लेकरांशी कसला खेळ मांडलाय हा?" तिनं विचारलं.

"खेळ न्हाय." त्यानं पेटीतल्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. "तुमच्या वहिनीचं दिस भरत आलं. त्या लेकराचं नाव तुमालाच ठिवावं लागंल. वीजरेखा ठिवलं तर ते पैलं असू नये. दूत आला तर त्यानं गोंधळावं, आन् लोकांनी बोट दावायचं म्हनलं तर... तुमच्या एकटीवर नको."

 असली भेट तिच्या माहितीत कुणी कुणाला दिली नव्हती. ठेवायची कुठं, हाच प्रश्न. तेव्हापासून मात्र तो आला की तिचा पहिला सवाल ठरलेला. नळदुर्गची कशी हाय? तुळजापूरची मान धरती का? वाशीची हसती का? आणि तो सांगत असताना तिला दोन भीती एकदम वाटत. या पोरींचं काही होईल ही एक. हा माणूस उद्या येईनासा होईल ही दुसरी. दोघंही लिंगायत खरे. पण भावाचं भुसाराचं दुकान आणि त्याची पाठीवरची पेटी यांच्यामध्ये पोटजातीची जी भिंत होती, ती काही बांगडीसारखी तडकणारी नव्हती.

जगदेवीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, ते मल्लम्मानं पुढं ढकललं. महिना झाला, ढकललं. संक्रांत गेली तरी पोर बिननावाची. शेवटी मल्लम्मानं ठरवलं, नाव दगडाबाई. असलं ओबडधोबड नाव ऐकून काळही तोंड फिरवतो, असा तिचा हिशेब. आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. शेजारच्या धुरपदाबाईला सांगून ठेवलं. जगदेवी सासूपुढं कधी न बोलणारी. ती एवढंच म्हणाली की माझ्या लेकीची आत्या जिवंत आहे. मल्लम्मानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिवकांता तर सुटल्यासारखी झाली... आणि मागच्या परड्यात जाऊन रडली. पोरीचा वास तिच्या पदराला होता, आणि पोरीला तिनं एकदाही कुठल्या नावानं जवळ घेतलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी जगदेवीला चुडा भरायला रेवणसिद्धाला बोलावणं होतंच. तो परड्याच्या दारानं आला. शिवकांता रांजणात घागरीनं पाणी ओतत होती.

"वाशीची कशी हाय?" तिनं सवयीनं विचारलं.

तो पेटी खाली ठेवीना.

"नळदुर्गची चांगली हाय," तो म्हणाला. "तुळजापूरची..."

"वाशीची इचारलं म्या."

"आज सांगायचं न्हाय म्हनून ठरवून आलतो." त्यानं पेटी ठेवली आणि तिच्याशेजारी मटकन बसला. "गेली. थंडीतापानं. औषध मिळालं न्हाय."

रांजण भरून वाहू लागला तरी शिवकांतेनं तिरकी धरलेली घागर सरळ केली नाही. पायाखालची जमीन गार पडत वर येत होती. आता हे नावही बाटलं. आता या घरातली पोर... तिला पळत आत जावंसं वाटलं. मग तिची नजर त्याच्यावर गेली.

त्यानं दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकले होते आणि त्यांच्याकडं तो बघत होता, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत. हे बघणं तिच्या ओळखीचं होतं. अशीच ती दोन पावसाळे आरशात बघत आली होती.

"नाव म्या नेलं हुतं तिथं," तो म्हणाला. "म्या गोष्ट सांगितली नसती तर..."

"ताप आल्ता तिला," शिवकांता म्हणाली.

"व्हय, पर नाव..."

"नावानं अंग तापत न्हाय." ती जवळजवळ रागावली होती. "थंडी हुती, ताप हुता, औषध नव्हतं. तुमी काय केलं त्यात? तिला हिरव्या चुड्यातली गोष्ट दिली. तेवढंच केलं. ऐकताय का? तुमी न्हाय केलं हे."

बोलून झाल्यावर ती थांबली.  आत बायका जमत होत्या, कुणीतरी घुगऱ्या निवडत होतं. राजशेखरलाही ताप होता. चंद्रकला तर जन्मल्यापासून दूध ओढत नव्हती. हे सारं तिला ठाऊक होतं, पण कुणी तिला कधी ते सांगितलं नव्हतं... आणि आता ते तिच्याच तोंडून, दुसऱ्यासाठी निघालं होतं.

"तिचं नाव कुणी ठिवलं हुतं?" तिनं विचारलं.

"आत्यानं. मथुराबाई म्हनून हाय. कोवळीच हाय, तुमच्यावानी."

"तिला काय म्हनत्यात आता?"

"तेच. तुमाला म्हनत्यात ते."

शिवकांतेनं ओले हात पदराला पुसले आणि आत गेली.

धुरपदाबाई पाळण्यावर वाकतच होती. शिवकांतेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, जरा सरका."

 मल्लम्मा म्हणाली, "कांते, तोंड मिट. माझ्या गळ्याची आण हाय तुला." शिवकांतेचा भाऊ शांतलिंग दारात उभा होता, तो आईकडं बघे, बायकोकडं बघे आणि कुणाचंच ऐकू न आल्यासारखं करी. जगदेवीनं पाळणा थोडा नणंदेकडं लोटला. एवढंच. पण तिची बोटं पाळण्याच्या दोरीवर पांढरी पडली होती.

शिवकांता वाकली.  पोरीनं डोळे उघडले आणि आत्याच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. काय सांगायचं ते सांग लवकर, असं ते बघणं होतं. शिवकांतेचे ओठ तिच्या कानाला लागले.

"वीजरेखा."

काहीच झालं नाही. पोरीनं जांभई दिली. बायका धपाटे घालायचंही विसरल्या. मग पहिला धपाटा पडला तो जगदेवीचा, हलका, जवळजवळ कुरवाळल्यासारखा. मग धुरपदाबाईचा, चांगला सणसणीत, मान गेल्याचा सगळा राग वसूल करणारा. मल्लम्मानं हात लावला नाही. ती पाळण्याच्या पायथ्याशी बसली आणि पोरीच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून जप करत राहिली.

घुगऱ्या वाटून झाल्या. ओसरीवर रेवणसिद्ध उरलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवत होता. जगदेवीचा चुडा आज एकही न तडकता भरला होता. शिवकांता खांबाला टेकून उभी राहिली.

"भ्या गेलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. तसंच हाय." तिनं आत, पाळण्याकडं बघितलं. "पर आधी माझं भ्या वाटायचं. आता तिचं वाटतंय. सगळ्यांना वाटतं तसं."

 दोऱ्याची गाठ त्याला बसत नव्हती.

"मला वाशीला न्याल?" ती म्हणाली.

"वाशीला?"

"त्या मथुराबाईला सांगायचंय. तुमाला सांगितलं ते. तिला कोन सांगनार दुसरं?"

"वाशी लांब हाय. मोटारीनं सारा दीस जातो." तो खाली बघतच म्हणाला. "तुमाला कोन म्हनून नेऊ मी?"

"साऱ्या गावाला अक्का म्हनता, अव्वा म्हनता. मला का कायबी म्हनत न्हाय?"

आता त्यानं वर बघितलं. "अक्का म्हनलं असतं तर... तिथंच थांबावं लागलं असतं. मला थांबायचं नव्हतं."

शिवकांतेला हसू आलं. ते दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला, पण डोळ्यांचं काय करणार. आतून शांतलिंगाचा आवाज आला, बळेगाराचं काम संपलं का म्हणून. दोघंही दचकले.

"दादा आत हाय," ती म्हणाली. "जावा, इचारा. भ्याला नसाल तर."

"लई भ्यालोय."

"मग उठा," शिवकांता म्हणाली. "मी येते संगं."

पेटी ओसरीवरच राहिली. ती पुढं, तो मागं, असे दोघं उंबरा ओलांडून आत गेले.