खिंडीतलं घट्ट तेल

खिंडीपलीकडच्या हवामान केंद्रावर माझा दादा आजारी पडला होता आणि त्याला जिवंत खाली आणायचं होतं. आमच्या मोहिमेचा उद्देश एवढाच! कुठं झेंडा रोवायचा नव्हता की कुणाला फोटो दाखवायचे नव्हते. बर्फाच्या भेगेत त्याचा पाय अडकला, रात्रभर तसाच राहिला आणि बोटं काळी पडली. आता ताप चढत चाललाय, असं केंद्रावर त्याच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदारानं रेडिओवरून कळवलं होतं. ढग असे खाली उतरून बसले होते की हेलिकॉप्टर उडेना. खिंडीतला रस्ता अजून उघडा होता, पण मोठा बर्फ पडला की तोही उन्हाळ्यापर्यंत बंद. उरली आमची म्हातारी पेट्रोल जीप.

निघालो तिघी. मी, कारण गाडी मी चालवते आणि दादा माझा आहे. मावशी, कारण गॅरेज तिचं, जीप तिची आणि आई गेल्यावर आम्हा दोघांना वाढवलंही तिनंच. तिला ‘तू घरी थांब’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिसऱ्या म्हणजे आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई. बाई काडीसारख्या बारीक, गाडीत बसल्या की पोटात ढवळणाऱ्या. त्यांना पाहून मावशीनं माझ्या कानात सांगितलं, “ही बया पेशंटला काय आणणार? हिलाच उचलून आणावं लागेल!”

निघण्याआधीच आमचं भांडण झालं, तेही इंजिन ऑइलवरून.

आमचं गाव म्हणजे तापलेला तवा. दुपारी बॉनेटला हात लावला तर फोड येतो. अशा उन्हात पातळ तेल आणखी पातळ होतं आणि आतल्या भागांवर टिकत नाही. म्हणून गावात सगळे वीस-पन्नास टाकतात, घट्टातलं घट्ट. आता तर ती रीतच झालीय. कुणी लांब निघालं की शेजारी आधी विचारतात, “घट्ट टाकलंस ना?” गाडीवर माया आहे की नाही, ते तेलावरून ठरतं.

“मावशी, आपण थंडीत चाललोय,” मी म्हटलं. “डब्यावर दोन आकडे असतात ना? पहिला थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पहिला जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. वीस फार झाला. पाच-चाळीस टाक.”

“आकडे मला शिकवू नकोस! माझ्या हातचं एक तरी इंजिन जळलेलं दाखव.”

दाखवणार कुठून? नव्हतंच. आमच्या हवेत बाई शंभर टक्के बरोबर होती, आणि अशा माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो. शिवाय गावात पाच-चाळीसचा डबा मिळवायचा म्हणजे अर्धा दिवस गेला असता, आणि दादाकडे तेवढा वेळ नव्हता. मी चरफडत किल्ली फिरवली.

माळ संपला, टेकड्या लागल्या, मग खरे डोंगर. रस्ता अरुंद होत गेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला इतकी खोल दरी की तळाची नदी दिसायची पण तिचा आवाज वर पोहोचत नव्हता. झाडं खुजी झाली, मग नाहीशीच झाली. घामानं भिजलेले आमचे कपडे अंगावरच गार पडले आणि आम्ही एकावर एक स्वेटर चढवत गेलो. डॉक्टरीणबाई प्रत्येक वळणाला ओकायला एक डबा तोंडाशी धरायच्या, तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, “चला, थांबू नका.” एकदाही त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. मावशी त्यांच्याकडे तिरप्या नजरेनं बघायची, पण चौथ्या-पाचव्या वळणानंतर तिनं गुपचूप आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

खिंडीच्या तोंडाशी दरड! दगड आणि बर्फ यांचा ढीग रस्त्यावर आडवा पसरला होता.

“इंजिन बंद कर, पेट्रोल वाचव,” मावशी म्हणाली. आम्ही फावडी घेतली. वारा असा की डोळे उघडवेनात. खणलं, ढकललं, लोटलं. बोटं बधिर झाली, कंबर मोडली, पण काही तासांनी गाडीपुरती वाट निघाली. मी धावत जाऊन किल्ली फिरवली.

घर्र... घ... गप्प!

परत फिरवली. बॅटरीनं एक कण्हल्यासारखा आवाज काढला आणि मान टाकली.

“हँडल आण,” मावशी म्हणाली. जुन्या गाडीचं हे एक सुख, पुढून हँडल घालून इंजिन हातानं फिरवता येतं. मावशीचे दंड म्हणजे लोखंड. तिनं जोर लावला. हँडल हललं नाही. मी लावला. मग दोघींनी मिळून! जणू आत कुणी इंजिन घट्ट धरून बसलं होतं. मी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्या टोकाला तेलाचा काळा गोळा चिकटला होता. खाली पडायचं नाव घेईना.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती दगडावर बसली ती बसलीच. “माझ्यामुळं,” ती म्हणाली. “माझ्या हट्टापायी पोराचा जीव जाणार.”

जन्मात पहिल्यांदा मी तिला खचलेली पाहिली. डोक्यात तिडीक आली होती, चार शब्द ऐकवावे असं जिभेवर आलं होतं, ते सगळं जिरून गेलं.

डॉक्टरीणबाई कुडकुडत तिच्यापुढे उभ्या राहिल्या. “मावशी, रडायचं असेल तर गाडी सुरू झाल्यावर रडा. आत्ता वेळ नाही.” एवढं बोलून त्यांनी कोटात, मग स्वेटरमध्ये, मग आणखी आत हात घातला आणि औषधाच्या कुप्या बाहेर काढून उजेडात धरल्या.

“त्या तिथं कशाला ठेवल्यात?” मी विचारलं.

“बॅगेत ठेवल्या तर गोठतील. अंगाच्या उबेत पातळ राहतात.”

मी कुप्यांकडे पाहिलं, पट्टीवरच्या गोळ्याकडे पाहिलं. मग ओरडले, “मावशी, ऊठ! तेल काढ बाहेर! तापवू या!”

मावशी पाना घेऊन जीपखाली सरपटली. खालचा बोल्ट निघाला. एरवी भळाभळा वाहणारं तेल लोंबत, रेंगाळत बाहेर येऊ लागलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं, कारण खिंडीवर ढग काळे होत होते. पाणी उकळायचं भांडं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, जे मिळालं त्यात तेल धरलं. स्टोव्ह पेटवला, वाऱ्यानं विझवला. परत पेटवला, परत विझला! शेवटी मी आणि डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसलो, कोट पसरून स्टोव्हभोवती भिंत केली. मावशी मंद आचेवर तेल ढवळत होती आणि मधूनमधून बोट बुडवून बघत होती. तेल जळलं तर सगळंच संपलं. हळूहळू त्या काळ्या गोळ्याला तकाकी आली, मग तेल हललं, मग भांड्याच्या कडेनं छान धावायला लागलं. डॉक्टरीणबाईंचे ओठ निळे पडले होते, पण कोट त्यांनी खाली केला नाही.

बोल्ट घट्ट केला. गरम तेल वरून ओतलं. आता ते आत गार व्हायच्या आधी इंजिन फिरलं पाहिजे.

“डॉक्टरीणबाई, तुम्ही आत बसा. आम्ही हँडल मारतो. किल्ली चालू करा आणि मी ओरडले की अॅक्सिलरेटर दाबा.”

“अॅक्सिलरेटर कुठला?”

“उजवीकडचा!”

“माझा उजवा की गाडीचा?”

त्याही अवस्थेत मावशी फिस्सकन हसली. मग तिनं हँडल पकडलं. “अंगठा बाहेर ठेव,” ती मला म्हणाली, “उलटा झटका आला तर मनगट जाईल.” आम्ही जोर लावला.

हँडल हललं! जड, पण हललं! अर्धा फेरा. पुन्हा. इंजिननं एक ठसका दिला. “दाबा!” मी किंचाळले. पुन्हा फेरा! ठसका! धूर! आणि मग... धडधड, धडधड, धडधड!

मावशीनं बॉनेटवर डोकं टेकलं. आत डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाय तसाच दाबून बसल्या होत्या. तो मी हातानं उचलून बाजूला ठेवला. त्यानंतर केंद्र येईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही.

दादा पलंगावर पडला होता, डोळे लाल, ओठ फुटलेले. मावशीला पाहून म्हणाला, “एवढ्या लांब आलीस? गॅरेज कुणी बघायचं?” ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. डॉक्टरीणबाईंनी कुप्या काढल्या, सुया दिल्या, पाय धुतला, बांधला. मघाशी डबा धरून बसणारी बाई हीच का, असा प्रश्न पडावा इतके त्यांचे हात स्थिर होते. “उद्याच खाली न्यायला हवं,” त्या म्हणाल्या. “दोन-तीन बोटं जातील. पण उशीर केला नाही तर माणूस राहील.”

मावशी उठली आणि तिनं दादाच्या जोडीदाराला स्वतःहून विचारलं, “तुमच्या इथं इंजिनात कुठलं तेल टाकता?”

“झिरो-तीस. दुसरं इथं चालतच नाही.”

“द्या मला. आणि मला येत नाही असं समजून सांगा, कसं वापरता ते.” आमचं घट्ट तेल तिनं काढून कॅनमध्ये भरून मागं ठेवलं, इंजिनात झिरो-तीस ओतलं, बॅटरी केंद्रातल्या जनरेटरवर चार्जिंगला लावली.

सकाळी किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. दादाला मागच्या सीटवर आडवं केलं, जोडीदारानं केंद्राच्या खिडकीतून हात हलवला. खिंड ओलांडताना बर्फ पडायला लागला. आरशात मागचा रस्ता पांढरा होत होता, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक वळणाचे आभार मानत होते.

पण संकट संपलं नव्हतं! माळावर उतरलो तशी उन्हाची झळ आली. जीप म्हातारी, आतून झिजलेली. डोंगरावर जिनं जीव वाचवला ती तेलाची पातळ धार आता पाण्यासारखी झाली. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला. मग पेटूनच राहिला. दादा मागं तापात बडबडत होता.

“थांब!” मावशी म्हणाली. “इंजिन जळलं तर इथंच राहू.”

“गार व्हायला तासभर लागेल!”

“गार होऊ द्यायचंय कुणाला?” ती भाजणाऱ्या जीपखाली शिरली. पातळ तेल थोडं काढून टाकलं, आपलं घट्ट तेल वरून ओतलं. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंतचं कातडं लाल झालं होतं. उकळतं तेल हातावरून वाहून गेलं होतं. “चल,” ती दात आवळून म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी धावत्या गाडीत तो हात बांधला. लाल दिवा विझला आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत विझलेलाच राहिला.

शस्त्रक्रिया डॉक्टरीणबाईंनीच केली. त्या बाहेर आल्या तेव्हा संध्याकाळ होत आली होती. “तीन बोटं गेली,” त्या म्हणाल्या. “पाय आहे. दादा आहे. जेवायला मागतोय.” माझा बांध फुटला. मी त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडले. ‘थँक्यू’ म्हणजे किती तोकडा शब्द!

मी दादाला बघून परत आले तर बाई बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या, आणि मान घरंगळत मावशीच्या खांद्यावर आली होती. मावशी तेलानं माखलेली, भाजलेला हात मांडीवर, ताठ बसून होती. नर्स तिच्या हाताला मलम लावायला म्हणून बोलवायला आली.

“नंतर,” मावशी कुजबुजली. “आधी हिची झोप होऊ दे.”

आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “उभी काय राहिलीस? हिच्या पायांवर काहीतरी घाल. गारठ्यातून आलीय पोर.”