मोठ्याने बोला

"अहो बाई! थांबा! अशा गुपचूप कुठे निघालात?"

नर्स दचकून मागे वळली. खांद्याला लसींची पेटी, बदली होऊन जेमतेम दोन दिवस झालेले, आणि जंगलाच्या नाक्यावर हा उंचापुरा वनरक्षक! आवाज तर असा, की झाडावरची पाखरं उडावीत.

"पलीकडच्या वस्तीवर. बाळांना लस द्यायला. का, गुपचूप जायला बंदी आहे?"

"आहे! या वाटेवर वाघीण आहे, पिल्लांसकट. कुणी अचानक समोर आलं की ती बिथरते. आधी चाहूल लागली, तर आपणहून बाजूला होते. म्हणून बोलत जायचं. मोठ्याने! आणि दर मंगळवारी मी सोबत येणार, तसा हुकूम आहे."

हुकूम काढणाऱ्याला काय ठाऊक, की हा गडी मुलखाचा अबोल! पहिल्या पाच मिनिटांत त्याचं बोलणं संपलं. मग काय करावं त्याने? घसा खरवडून सतराचा पाढा सुरू केला... आणि मध्येच अडला. नर्सला हसू आवरेना. तिचं हसूही चाहुलीच्या कामी आलं.

पुढे तीच ओरडून बोलू लागली. घरमालकीण, दवाखाना, आणि आईने पाहिलेली स्थळं!

"आई म्हणते, एक मुलगा बँकेत आहे!"

"मग?" तो पुढूनच ओरडला.

"मग काय! त्याचा आवाज फारच बारीक आहे!"

त्याचे कान लाल झाले. तेवढंच तिला दिसायचं, कारण तो नेहमी पुढे चालायचा. सहा महिन्यांत तिला त्याच्या मानेवरचा तीळ पाठ झाला होता. चेहरा मात्र मनाजोगा कधी पाहायलाच मिळाला नाही. बुधवार उजाडला की तिला पुढचा मंगळवार डोंगराएवढा लांब वाटायचा.

आणि एका मंगळवारी तो नाक्यावरच म्हणाला, "पिल्लं मोठी झाली. वाघीण पलीकडच्या रानात निघालीय. पुढच्या आठवड्यापासून सोबत बंद."

दोघं चालू लागली... न बोलता. सहा महिने जगभरचं बोलून झालं आणि नेमकी एक गोष्ट राहून गेली होती. ती हळू सांगायची होती, आणि हळू बोलायची इथे सोयच नव्हती.

वळणावर तो एकदम थांबला. तीस पावलांवर, गवताच्या कडेला — वाघीण!

"पळायचं नाही," तो मान न वळवता म्हणाला. "पाठ दाखवायची नाही, खाली वाकायचं नाही. माझ्या शेजारी या. पेटी डोक्यावर धरा. आता एकेक पाऊल मागे."

ती पहिल्यांदाच त्याच्या शेजारी उभी राहिली. तो दोन्ही हात उंच करून ठाम आवाजात वाघिणीला सांगत होता, "आम्ही चाललोच आहोत गं बाई. तूही जा." वाघिणीने बराच वेळ रोखून पाहिलं, शेपटी झटकली आणि गवतात दिसेनाशी झाली.

ती दोघं तशीच मागे मागे सरत मोकळ्या माळावर आली. नर्स मटकन खाली बसली.

"चूक माझी," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी गप्प राहिलो."

"का राहिलात?"

"मनात होतं ते... ओरडून सांगण्यासारखं नव्हतं."

"मग जीव गेला असता तरी सांगितलं नसतं?" तिचे डोळे भरून आले, रागही आला. "ओरडा ना आता!"

त्याने छाती भरून श्वास घेतला. "मला तुमच्याशिवाय करमत नाही! मंगळवार सोडून सगळे दिवस मी नुसते ढकलतो! लग्न कराल माझ्याशी?"

सगळ्या माळावरची पाखरं उडाली.

"करीन!" तीही बेंबीच्या देठापासून ओरडली.

मग तिने पेटी उघडून पाहिली. लसी अजून गार होत्या. "लांबच्या रस्त्याने गेलो, तर वस्तीवर पोचू."

"त्या रस्त्याला वाघाची भीती नाही," तो म्हणाला. आता तो तिच्या शेजारून चालत होता. "तिथे हळू बोललं तरी चालतं."

"मग मघाचं ते... पुन्हा एकदा सांगाल?"