कपाखालची फुलं

बारामतीच्या एस.टी. स्टँडवर, बाकावर एक भला मोठा निळा नकाशा पसरून तो बसला होता. बशीत चहा ओतून घेतला आणि उरलेला वाफाळता कप त्यानं सरळ त्या नकाशावरच ठेवला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या रतनला ते बघवेना. तिनं पिशवीतून दोऱ्याची विणलेली एक पांढरी गोल चकती काढली, त्याचा कप उचलला, चकती खाली सरकवली... आणि जणू काही झालंच नाही अशी रस्त्याकडे बघत बसली.

"हे काय?"

"चकती."

"ते दिसलं. पण का?"

"नकाशा भिजत व्हता तुमचा."

"आणि आता तुमची चकती भिजतेय, त्याचं काय?"

"ती धुता येती," रतन म्हणाली. "नकाशा धुता येतो व्हय?"

तो मोठ्यानं हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे रतनला दिसायला नको होतं. पण दिसलं. तेवढ्यात इंदापूरची गाडी लागली, ती धावत जाऊन चढली आणि चकती राहिली त्याच्याकडेच.

रतन सणसरची. तिचे वडील आबाजी ऊसवाले, भवानीनगरच्या नव्या साखर कारखान्याचे सभासद. सातवी झाल्यावर त्यांनी लेकीला बारामतीत शिवणकामाच्या वर्गाला घातलं होतं. गुरुवारी ते बैलगाडीतून बाजारला जात आणि रतन वर्ग सुटला की एस.टी.नं परत येई. वर्गात ती क्रोशा शिकली आणि मग तिला या चकत्यांचं वेडच लागलं. गावात बशीनं चहा प्यायचा, मग कप ठेवायचा कुठं? तर कपाखाली एक फूल असावं, एवढंच तिच्या डोक्यात. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशाला ती चकत्याच भेट द्यायची. कुणी त्या तांब्यावर झाकायचं, कुणी देवाखाली अंथरायचं. रतन ते बघायची. घरी येऊन हसायची.

पुढच्या गुरुवारी तो स्टँडवर उभाच होता. हातात कागदाची घडी, आत ती चकती. धुतलेली, पण चिंधीसारखी लुळी.

"मी काही केलं नाही हो," तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. "साबणानं धुतली, तर अशी मरूनच गेली."

"मेली न्हाय. खळ गेली तिची. पेजंत बुडवून वाळवली की उभी राहील."

"मग मीही पेजेत बुडून बघू का? गुरुवारपासून माझंही असंच झालंय."

रतननं पदर तोंडाशी नेला. कान मात्र लाल झाले.

त्याचं नाव महिपती. सातारचा. भवानीनगरला कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता आणि तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याला दर गुरुवारी बारामतीत काही ना काही काम निघायला लागलं. परतीच्या गाडीत भवानीनगर आलं तरी तो उठायचा नाही. कंडक्टर ओरडायचा, "साहेब, तुमचं गाव गेलं की मागं!" आणि महिपती खुशाल सणसरचं तिकीट पुढं करायचा. मग रतनच्या मागून उतरून, उसाच्या कडेकडेनं उलटा चालत जायचा.

गाडीच्या खिडकीच्या धुळीत बोटानं वर्तुळ काढून त्यानं तिला त्याचे सारखे भाग करायला शिकवलं. तिनं त्यातून उसाच्या तुऱ्याची नक्षी बसवली. कालव्याच्या पुलावर तिनं ती चकती त्याच्या तळहातावर ठेवली, तेव्हा त्यानं मूठ मिटली... तिच्या बोटांसकट.

"सोडा. कोणतरी बघंल."

"रतन, संक्रांतीला माझी आई येणार आहे. क्वार्टरमध्ये हळदीकुंकू करायचं म्हणतेय. तिच्यासाठी अशा सहा चकत्या विणशील? मग मी तुझा विषय काढतो."

"कसला विषय?"

"तुला सगळं सांगायलाच लागतं का गं?"

"व्हय," रतन म्हणाली. "सांगायलाच लागतं."

पुलाखालून पाणी सळसळत होतं. त्यानं मागं-पुढं कुणी नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणाला, "लग्नाचा."

त्या सहा चकत्यांनी रतनचा जीव खाल्ला. भात शिजवायला विसरली म्हणून पेज नव्हती, तर तिनं त्या साखरेच्या पाकात बुडवून वाळत घातल्या. बघते तो मुंग्यांची रांग! सारजानं, तिच्या आईनं, कपाळाला हात लावला. रतननं सगळ्या पुन्हा धुतल्या, पुन्हा खळ केली. आईला सांगितलं, कारखान्यातल्या साहेबांच्या आईला भेट द्यायची आहे. पुढचं ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. त्याच्या आईच्या तोंडूनच आपल्या आईला कळावं, अशी तिची हौस.

संक्रांतीला मायलेकी क्वार्टरमध्ये गेल्या. हवेत कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास होता. महिपतीची आई हसतमुख, गोरीपान, बोलायला मऊ. तिनं एकेक चकती उजेडात धरून बघितली.

"किती सुबक गं! मही म्हणालाच होता, सणसरची एक मुलगी विणून देते म्हणून. ही तीच का रे?"

महिपती आतल्या दाराच्या चौकटीत उभा होता. "हो," तो म्हणाला. "तीच."

रतन वाट बघत होती. आता पुढचं बोलेल.

पण पुढचं त्याची आईच बोलली. "बरं झालं बाई तू आलीस. फाल्गुनात महीचं लग्न आहे. मुलगी कोल्हापूरची, त्याच्या वडिलांच्या स्नेह्यांची. विहिणीकडच्या बायकांना आहेरात द्यायला अशाच चकत्या हव्यात मला. देशील ना करून? तुझ्या मेहनतीचे पैसे ठेवायची नाही मी." आणि तिनं रतनच्या मांडीवर एक रेशमी खण ठेवला.

"करील की," सारजा भाबडेपणानं म्हणाली. "लई चालतो हात तिचा."

रतननं दाराकडे बघितलं. महिपती तिळगुळाच्या वाटीकडे बघत होता.

"न्हाय जमायचं," ती म्हणाली.

"अगं, का?"

"ह्या भेट म्हणून आणल्या व्हत्या. विकायला मी विणत न्हाय." तिनं खण अलगद खाली ठेवला. "आई, तू कुंकू लावून घे. मी भाईर थांबते."

घराच्या मागं लिंबाचं झाड होतं. महिपती मागच्या दारानं धावतच आला. डोळे भरलेले.

"वडिलांनी शब्द देऊन टाकलाय, रतन. मला आत्ता पत्ता लागला."

"आईला माझं नाव सांगितलं व्हतं का?"

"सांगणार होतो... ती इतकी खुशीत होती..."

"म्हंजे न्हाय."

"ऐक तरी. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला जाऊ. नोंदणी करू. मागून सगळे निवळतात. मी तुझ्याशिवाय नाही राहू शकत. खरंच सांगतो."

तो खरंच सांगत होता, हे तिला दिसत होतं. म्हणूनच क्षणभर तिला वाटलं, त्याचा हात धरावा, पिशवी उचलावी... मग तिला आबाजी दिसले, संध्याकाळी ओट्यावर बसून तिची वाट बघणारे.

"पुणं लांब हाय," ती म्हणाली. "तुमची आई तर त्या भिंतीपल्याड बसलीया. आत जा. सांगा तिला, मला हीच पायजे म्हणून. ती न्हाय म्हणू द्या, रडू द्या, मला हाकलू द्या. पर तुमी सांगा. मी हितंच हाय."

महिपतीनं डोळे पुसले. मान डोलावली. आत गेला.

खिडकी उघडी होती. आत बांगड्यांची किणकिण, बायकांचं हसणं. मग त्याच्या आईचा मऊ आवाज आला, "कुठं गेला होतास रे?"

रतननं लिंबाच्या खोडाला गच्च धरलं.

"कुठं नाही," महिपती म्हणाला. "जरा पाय मोकळे करून आलो."

सारजा बाहेर आली तेव्हा रतन रस्त्याला लागली होती. दोघी सणसरपर्यंत चालत गेल्या. लेकीच्या चेहऱ्याकडे बघून सारजाला काय कळायचं ते कळलं. वाटेत तिनं नुसता लेकीचा हात हातात घेतला आणि घर येईस्तोवर सोडला नाही.

फाल्गुनात महिपतीचं लग्न झालं. रतननं गुरुवारचा वर्ग सोडला नाही. फक्त आता एस.टी. सोडून ती सकाळी वडिलांबरोबर बैलगाडीतून जायची आणि त्यांच्याबरोबरच परत यायची. तिच्या हातात कधी सुई-दोरा दिसला नाही म्हणून आबाजींनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, डोळे दुखत्यात.

उन्हाळ्यात इंदापूरकडून एक स्थळ आलं. आबाजींनी जेवताना विषय काढला. "घर चांगलं हाय. पाण्याखालची जमीन हाय. पोरगा कष्टाळू हाय, पर जरा मुखदुर्बळ. फार बोलत न्हाय. तुझं काय म्हणणं, रतन?"

रतन भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"फार नसंल बोलत तर चालंल, आबा," ती म्हणाली. "बोलायच्या वक्ताला बोलतो का, तेवढंच इचारून या."