खदानीच्या वळणावरची घंटी

काम तसं साधंच होतं. सायकल आणायची. रविवारी दुपारी जेवून निघायचं, मुलुंडच्या मागचा डोंगर चढून वरच्या पाड्यावर जायचं, दादूच्या मांडवात ठेवलेली सायकल ताब्यात घ्यायची आणि दिवेलागणीपर्यंत कांजूरगावात सखुबाईच्या दारात नेऊन लावायची. आता तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय आहे? दिवा जरा जवळ ओढा, सांगतो.

चंद्रप्रकाश भांडुपला राहायचा. मूळचा कणकवलीकडचा. बापाची गिरणी संपात गेली आणि हा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. तिथेच त्याला हरेश्वर भेटला. हरेश्वर कांजूरगावचा कोळी. बाप लहानपणीच गेलेला, आई सखुबाई स्टेशनबाहेर मासळी विकायची. दोघांची जात वेगळी, बोली वेगळी, पण वेड एकच, सायकलचं. आणि तेही रस्त्यावरच्या नाही, डोंगरातल्या. रविवारी सगळी चाळ गोधडीत लोळत असायची, तेव्हा हे दोन शहाणे सायकली खांद्यावर मारून डोंगर चढायचे आणि दगडधोंड्यांच्या पायवाटेनं त्या खाली सोडायचे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. असल्या खेळाला तेव्हा आपल्याकडे नावसुद्धा नव्हतं. लोक त्यांना येडे म्हणायचे, आणि लोकांचं फारसं चुकत नव्हतं.

या येडेपणाला एक नियम मात्र होता. पायवाटेवर आंधळी वळणं फार. झाडी, कातळ, पलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणून पुढच्यानं वळण पार करायचं, थांबायचं, वाट नीट बघायची आणि घंटी वाजवायची. एकदा वाजली की ‘सोड’. दोनदा वाजली की ‘थांब’. एकदा ऐकली की मागच्यानं ब्रेकला बोटही लावायचं नाही. सगळी मजा त्यातच होती. आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणाचीही घंटी कधी खोटी ठरली नव्हती.

मग हरेश्वरनं नवी सायकल घेतली. जाड खरबरीत टायरची, सरळ हँडलची. तशी तेव्हा अख्ख्या भांडुपात दिसत नव्हती. चंद्रप्रकाशकडे बापाची काळी, पंचवीस किलोची. नव्या सायकलवर हरेश्वर वाऱ्यासारखा उतरायचा आणि खाली पोचून दात काढत म्हणायचा, चंदू, उतरून ढकलत आण रे, घाई नाय. थट्टाच होती ती. पण रोजच्या थट्टेची कुसळं होतात, ती अंगात राहतात.

भाद्रपदातला रविवार. चंद्रप्रकाश पुढे होता. खदानीच्या वळणावर आला तर पावसानं वाटेची कड ढासळलेली, खाली दगडाची जुनी बंद खदान, तळाला हिरवं पाणी. तो उतरला. सायकल खांद्यावर घेऊन, कातळाला चिकटून पलीकडे गेला. आता दोनदा वाजवायची. अंगठा घंटीवर ठेवला, आणि मनात आलं, आज याला उतरू दे जरा. करकचून ब्रेक मारील, चिखलात तोंडघशी पडेल, नवी सायकल माखेल, मग मी हसेन. बस, एवढंच मनात होतं. त्यानं एकदाच वाजवली.

हरेश्वरनं ब्रेक मारलाच नाही. का मारेल? घंटी चंदूची होती.

चंद्रप्रकाशनं पोलिसांना सांगितलं, कारखान्यात सांगितलं, सखुबाईच्या पायाशी बसून सांगितलं: मी दोनदा वाजवली, त्याला ऐकू गेली नाही. सगळ्यांनी त्याच्याच पाठीवर हात ठेवला. ते हात त्याला भाजायचे. रात्री कूस बदलताना अंगठा आपोआप हलायचा, एकदा, आणि तो उठून बसायचा.

दिवाळीनंतर पाड्यावरच्या दादूनं भाजी विकायला खाली आल्यावर निरोप दिला, की खदानीतली सायकल दोर लावून वर काढून ठेवलीय. सखुबाईनं चंद्रप्रकाशला बोलावून घेतलं. पोराची वस्तू रानात नको, म्हणाली, आणि तूच आण, दुसऱ्या कोणाला मी हात लावू द्यायची नाय. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

म्हणून तो त्या रविवारी पाड्यावर पोचला. चढताना त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, आज सायकल द्यायची आणि खरंही सांगायचं. म्हातारी झोडपेल, शिव्या देईल, देऊ दे. हे ओझं आता उचलवत नाही.

दादूनं चहा दिला. सायकलचं फारसं काही बिघडलं नव्हतं. चाकं फिरत होती, ब्रेक लागत होते, हँडल थोडं वाकलं होतं. घंटी तेवढी नव्हती. तिची पट्टी हँडलला अडकून राहिली होती, वाटी पाण्यात गेली असणार. चंद्रप्रकाशला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. ती घंटी बघायची त्याची छाती नव्हती.

दादू म्हणाला, अंधार पडायच्या आत खाली उतर, बिबट्या फिरतोय, परवाच बकरी नेली. उतरायला वाट एकच, खदानीवरून. चंद्रप्रकाशनं ठरवलं होतं की ढकलत जायचं. पण डोंगरामागे सूर्य पटकन जातो. झाडीत काळोख साचायला लागला, ओल्या पाल्याचा कुबट वास नाकात भरला, आणि मागे कुठेतरी सुकी काटकी मोडली. माणूसच तो. टांग टाकली आणि सायकल सोडली.

पहिल्या वळणाला त्यानं ब्रेक दाबला. पलीकडे काही दिसेना. तेवढ्यात पुढून आवाज आला.

टिंग.

एकदा. तो गोठला. मग म्हणाला, पाड्यावरचं कोणी असेल. वळण घेतलं. वाट मोकळी, कोणी नाही. दुसऱ्या वळणाला पुन्हा, टिंग. त्या घंटीचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. टिंग झाल्यावर शेवटी जरा घोगरा उमटणारा, कारण तिच्या वाटीला एके ठिकाणी चीर होती. घंटी पुढे होती, आणि ज्या सायकलची ती, ती याच्या मांडीखाली.

ब्रेक दाबायचा म्हणून बोटं उचलली, पण ती दाबेनात. इतक्या वर्षांची सवय. वळण, घंटी, सोड. सायकल खाली धावत होती आणि चंद्रप्रकाश ओठांतल्या ओठांत एकच म्हणत होता, सांगतो... आज सांगतो रे... तिला सगळं सांगतो...

खदानीचं वळण आलं.

टिंग टिंग.

त्यानं दोन्ही ब्रेक असे दाबले की मागचं चाक आडवं फिरलं. गुडघा दगडावर फुटला. डोळे उघडले तेव्हा पुढचं चाक कडेच्या बाहेर हवेत होतं, फिरत होतं. खालच्या पाण्यात एक खडा पडल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळानं. तो तिथेच बसून लहान पोरासारखा रडला. ज्याला आपण मारलं, त्यानं आपल्याला वाचवलं. यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

कांजूरगावात पोचला तेव्हा दिवे लागले होते. सखुबाई दारातच होती. तिनं पदरानं सायकल पुसली, सीटवर हात फिरवला. मग ह्याचा गुडघा बघून हळद लावली आणि ताट वाढलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. रविवारी दोघांचं करायची सवय हाय, म्हणाली, हात थांबत नाय.

चंद्रप्रकाशनं घास घेतला. तो हरेश्वरच्या वाट्याचा होता. आता सांगायचं. तो पाणी प्याला. आता.

तीच म्हणाली, “एक सांग रं पोरा. त्याचे कान लय तिखट व्हते. जाल्यात मासा हलला तरी त्याला कलायचं. तुझी घंटी त्यानं ऐकली कशी नाय?”

दिव्याच्या उजेडात तिचे डोळे ह्याच्यावर होते. त्यात संशय असता तर तो बोललाही असता. नुसता विश्वास होता.

“वारा होता, मावशी,” तो म्हणाला. “फार वारा होता.”

तिनं मान हलवली. आणखी कालवण वाढलं. त्यानं ते सगळं खाल्लं, हात धुतले आणि निघाला. भेकड माणूस! मी तोंडावर म्हटलं असतं त्याला.

भांडुपकडे जायला रूळ ओलांडायचे. तेव्हा सगळेच तसेच ओलांडायचे. मधल्या रुळावर मालगाडी उभी होती, डब्यांची काळी भिंत. तिच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या रुळावर पाऊल टाकायचं, पण डब्याआडून काही दिसत नव्हतं. तो टोकाशी आला. कचऱ्याच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. पलीकडून आवाज आला.

टिंग.

एकदा. मघाशी याच घंटीनं जीव वाचवला होता. त्यानं पाय उचलला. उचललेलाच होता, तेवढ्यात दुखावलेला गुडघा लचकला आणि तो खडीवर बसला. नाकासमोरून जलद गाडी धाडधाड गेली. वाऱ्यानं चप्पल ओढून नेली.

गाडी गेली. पलीकडे कोणी नव्हतं.

बसल्या जागी त्याला सगळं कळलं. डोंगरावर का थांबवलं, आणि इथे का बोलावलं. तो उठला, एका पायात चप्पल, तसाच लंगडत मागे फिरला. आता सांगायचंच. दार वाजवायचं आणि उंबरठ्यावरच ओरडून सांगायचं. गल्लीत सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास होता. शेवटचा कोपरा वळला की सखुबाईचं दार.

कोपऱ्यापलीकडून आवाज आला.

टिंग टिंग.

थांब.

तो थांबला. भिंतीला हात टेकून उभा राहिला. अरे, सांगायलाच चाललोय ना, तो पुटपुटला... सोड ना मला...

पुन्हा दोनदा.

मग सखुबाईचा आवाज आला. हळू, कोणाशी तरी घरात बसून बोलावं तसा.

“सावकाश खा. चंदू आताच गेला... जेवून गेला, हो.”

ताटलीवर भाकरी मोडल्याचा आवाज.

“वारा व्हता, म्हणाला,” ती म्हणाली. “का रं? नव्हता?”

त्यानंतर तिचा आवाज आलाच नाही. ती ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. चंद्रप्रकाश भिंतीला पाठ लावून उभा होता, ना पुढे जाता येत होतं, ना मागे.

मग आतला कंदील कोणीतरी उचलला. त्याचा उजेड दारात आला, गल्लीत उतरला, आणि हळूहळू कोपऱ्याकडे यायला लागला. जमिनीवर सावल्या दोन होत्या.