ओला कोपरा

थुंकी लावून पानं उलटणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना या एका सवयीपायी मी दोन चांगल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं देणं बंद केलं होतं. माझ्या कपाटात हिब्रू तत्त्वज्ञानाचे जुने छापील ग्रंथ होते. सहाच, पण जिवापाड जपलेले. सातव्यासाठी मी बारा वर्षं तडफडत होतो.

तो १९७४ च्या मे महिन्यात इतवारीत, मारोतरावांच्या रद्दीच्या दुकानात सापडला. आत्म्यावरचा ग्रंथ, व्हेनिसची छपाई, चारशे वर्षांपूर्वीची.

"अजनीले पाया खोदताना मडक्यात निघालं," मारोतराव म्हणाले. "वास मारते, पण ऊन दाखवा, जाते."

वास गेला नाही. ओल्या मातीचा, आणि सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानाचा खालचा कोपरा ओला दिसला. नागपूरच्या मे महिन्यात वाळत घातलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं, आणि हा कोपरा चिकट! चौथ्या दिवशी पुढच्या पानाचा. मी बोट लावलं तर तार निघाली. मोरीत जाऊन चार वेळा साबण लावला.

"तू हात लावलास?" मी बायकोला विचारलं.

"मी?" प्रेमिला म्हणाली. "शिवणार बी नाही. काहून ठेवता हे घरात? मले मळमळून राहिलं."

हिब्रू उजवीकडून वाचतात. ओल उजवीकडूनच, रोज एक पान, पुढे सरकत होती.

मला हिब्रू शिकवणारे बेंजामिनकाका अष्टमकर ज्यू होते, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी ग्रंथ पाहिला आणि हात मागे घेतला.

"देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं की आम्ही ते माणसासारखं पुरतो. हे कुणीतरी उकरलंय. मातीला परत द्या."

मी हो म्हणालो. पण बारा वर्षं! घरी येऊन ग्रंथ कपाटात ठेवला आणि साधारण त्याच वजनाची माझी जुनी टिपणं पांढऱ्या कापडात शिवली. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव होतं, गाव आणि जन्मतारीख. काकांनी गठ्ठा न उघडता त्यांच्या दफनभूमीत खड्ड्यात ठेवला, प्रार्थना म्हटली, मूठभर माती टाकली. मीही टाकली. स्वतःची किळस आली, तरी खड्डा भरेपर्यंत थांबलो.

दुसऱ्या सकाळी ग्रंथ कोरडा होता. वासही नव्हता. मी समाधानानं चहा प्यायलो.

मग कानाला गार लागलं.

उजव्या कानाची पाळी ओली होती, चिकट. पुसलं, बोटाचा वास घेतला आणि मोरीत चहा ओकून टाकला.

तेव्हापासून रोज.

"झोपेत लाळ गळते तुमची," प्रेमिला म्हणते. लाळ गळली तर उशी भिजते. पाळीला दोन्ही बाजूंनी, चिमटीएवढी लागत नाही.

काल काकांपाशी सगळं कबूल केलं. म्हटलं, आत्ता कुदळ घेऊन जाऊ.

"पुरलेलं आम्ही उकरत नाही," ते म्हणाले. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

टिपणांची पानं त्रेसष्ट होती. आज बासष्टावी सकाळ आहे. पाळी ओली आहे.