सगळे गुडघे हिरवे

देवळापुढच्या मैदानावर कबड्डीला पोरी उतरल्या, की लोक आधी फलकाकडे बघत, मग पोरींकडे. फलक प्रशिक्षक कुंदाताई जगदाळेंनीच हौसेनं आणला होता.

प्रत्येकीच्या गुडघ्यावर बोटभर पारदर्शक पट्टी असे. ती घामातली संप्रेरकं वाचायची. पाळीच्या चक्रात काही दिवस गुडघ्याचे बंध सैल पडतात. तेव्हा पाय वेडावाकडा वळला, तर गुडघा कायमचा जायचा. तसा धोका दिसला, की फलकावर त्या पोरीच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. शेजारी चक्राचा कितवा दिवस, तेही उमटायचं. पोरींनी एकमेकींना सांभाळावं म्हणून ताईंनी फलक सगळ्यांना दिसेल असा टांगला.

तिथंच चुकलं. पाळीतल्या बाईनं देवळाच्या आवारात यायचं नाही, हा गावचा नियम, आणि मैदान त्या आवारातलंच. इतकी वर्षं पोरी त्या दिवसांतही खेळत होत्याच. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. देवानंही कधी तक्रार केली नव्हती. आता फलक बोलायला लागला.

देवस्थानचे अध्यक्ष आप्पा खोत भला माणूस. त्यांनी ताईंना चहा पाजला आणि समजुतीनं सांगितलं, की खेळ बंद करा असं कोण म्हणतंय? जिचे दिवस असतील, तिनं तेवढं घरी बसावं.

धावण्याची शर्यत असती तर भागलंही असतं. पण कबड्डीतली पकड साखळीची. शेजारणीचा हात कधी ओढणार, हे कळायला रोज तोच हात धरावा लागतो. इथं रोज कुणी ना कुणी घरी. साखळी जुळेना, आणि जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली. गावात दुसरं मैदान होतं, पण ते मुलांचं.

तोड काढली चढाई करणाऱ्या मयूरीनं.

"ताई, तुमची पाळी गेली ना?"

"गेली. का, परत आणून देतेस?"

"मग तुमचे गुडघे द्या आम्हाला."

ताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ढगळ पँटीखाली सगळ्या संघाच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या. फलक हिरवागार, दिवसाचा रकाना कोरा. यंत्र एकदाचं सुधारलं म्हणून आप्पांनी समाधान व्यक्त केलं. साखळीही जुळली.

निवडीचा सामना त्याच मैदानावर होता. सकाळी ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, की खरं सांग, आज कसं आहे? सगळ्या एकजात म्हणाल्या, काही नाही. खेळायला मिळावं म्हणून गप्प बसायचं, हे पोरींना कुणी शिकवावं लागत नाही.

सामना सुरू झाला. आप्पा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मयूरी मध्यरेषा ओलांडून आत शिरली, एकीला शिवून गर्रकन उजव्या पायावर फिरली. ताईंची नजर सवयीनं फलकाकडे गेली. तिथं प्रत्येक नावापुढं त्यांचाच गुडघा हिरवा दिसत होता.

त्यांनी मान वळवली आणि पोरीच्या पायाकडे बघत राहिल्या. आज तिचा कितवा दिवस असेल?