चाळीसचा दांडा

रामघाटावर थकल्याभागल्यांना खुर्चीत बसवून दोराने अलगद गंगेपर्यंत सोडणारं यंत्र बसलं, त्याचं कौतुक अजून ओसरलंही नव्हतं. यंत्राचा मुख्य दांडा मोडला आणि पाठशाळेचे वेणीमाधवगुरुजी खुर्चीसकट पायऱ्यांवर आदळून जागीच गेले. शिवरामकाकांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. पुतणी मालविका गुप्तहेर, आणि काका तिचे हौशी मदतनीस. तिच्याकडे काकांचे जुने ओळखीचे दिनानाथ पुणतांबेकर आले तेव्हा त्या धक्क्यातून न सावरलेले काका त्यांना 'बसा' म्हणायलाही विसरले. दिनानाथांची सारी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर वाकून झाली होती. यंत्राचा आराखडा त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा. तिच्या कॉम्प्युटरवर दांडा पन्नास मिलिमीटर जाड होता, तर दांडा कातणाऱ्या खरादवाल्याकडे गेलेल्या कागदावर चाळीस. पोलिसांच्या मते अपघातानंतर तिनेच कॉम्प्युटरमधला आकडा वाढवला होता. उद्या तिला अटक होणार होती.

"पोरीला वाचव, मालविका," दिनानाथ म्हणाले. "त्या खरादवाल्यानेच गडबड केली आहे."

पूल ओलांडून मालविका आणि काका रामनगरला खरादवाल्याकडे गेले. विश्वेश्वर मिस्त्रीने छापील कागद पुढे टाकला. "बहनजी, जो छपा था, वही बनाया. मेरे यहाँ कम्प्यूटर कहाँ?"

चाळीस या आकड्याखाली बारीक रेघ होती, तीही छापलेलीच. चित्र खऱ्या मापाचं होतं. मालविकाने त्यावर स्टीलची पट्टी ठेवली. लांबी लिहिल्याप्रमाणे बरोबर भरली. जाडी मात्र पन्नास भरली.

"प्रिंटरने ताणलं असेल," काका म्हणाले.

"एकाच बाजूला?" तिने विचारलं.

मुक्ताचा भागीदार शार्दूल गिऱ्हाइकं सांभाळायचा. मुक्ता साइटवर होती, म्हणून तिच्या घरच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट त्याने काढली होती. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आपल्या डोक्यावरून जातं, छापायचं बटण तेवढं मुक्ताने शिकवलंय, असं सांगून त्याने हात झटकले.

मुक्ता मंगला गौरीच्या देवळाजवळ वडिलांसोबत राहायची; तिथे ती बैठकीतल्या कॉम्प्युटरपुढे सुन्न बसली होती. तिने एकच गोष्ट ठासून सांगितली. आकडा ती हाताने कधीच टाइप करत नाही. मॉडेल बदलायचं, आकडा आपोआप बदलतो. वडिलांनाही हे सॉफ्टवेअर तिनेच शिकवलं होतं, तेव्हा हा पहिला धडा दिला होता.

संध्याकाळी मालविकाने सगळ्यांना त्याच बैठकीत बोलावलं.

"चित्र पन्नासचं आणि आकडा चाळीसचा," ती म्हणाली. "मुक्ताने बदल केला असता तर मॉडेलमध्ये केला असता, आणि चित्रही बारीक झालं असतं. इथे फक्त आकड्यावर आकडा टाइप झालाय. मिस्त्रीकडे कॉम्प्युटर नाही आणि शार्दूलला छापण्यापलीकडे काही येत नाही."

"मग राहिलं कोण?" काकांनी विचारलं.

"ती रेघ बघा, काका. बोर्डावर चित्र पुन्हा काढायला वेळ नसला की जुने ड्राफ्ट्समन नुसता आकडा बदलायचे, आणि माप चित्राशी जुळत नाही हे कळावं म्हणून त्याखाली रेघ मारायचे. सवयीने हात तेच करून गेला."

काकांनी दिनानाथांकडे पाहिलं. दिनानाथ खाली मान घालून बसले होते.

"दांडा उगाच जाड वाटला," ते पुटपुटले. "तिचं ड्रॉइंग मी नेहमीच सुधारतो. अपघात झाल्यावर आकडा परत पन्नास केला."

"चाकाला दांड्याशी जखडणारी चावी बसायला दांड्यात खाच असते, बाबा," मुक्ता म्हणाली. "तिथे तो कमकुवत होतो. म्हणून पन्नास ठेवला होता. मला विचारायचं तरी."

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आणि उद्या मला नेणार होते, तरी तुम्ही गप्प राहिलात?"

"मिस्त्रीवर आळ गेला असता तर प्रश्नच नव्हता. नाहीतर..." दिनानाथांनी कसंबसं वर पाहिलं. "तू तरुण आहेस, मुक्ता. तू सावरली असतीस. या वयात माझं नाव गेलं तर ते परत येत नाही."

आपण या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, या विचाराने काका उठून खिडकीपाशी गेले.

मुक्ताने शांतपणे कागदाची घडी घातली, वडिलांच्या चपला दारापाशी सरळ करून ठेवल्या आणि म्हणाली, "चला, बाबा. ठाण्यात मी सोबत येते."